नव्या गाडीचं ट्यूनिंग: घाई कुठे नडते आणि वेळ आली हे कशावरून ओळखायचं

सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नसतं आणि ट्यूनरला मेसेज गेलेला असतो, ‘रीमॅप कधी करता येईल?’ (रीमॅप म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिन चालवणारं सॉफ्टवेअर बदलणं.) मीही हेच केलंय, त्यामुळे कुणाला हसायचा मला हक्क नाही. या प्रश्नाला उत्तर म्हणून लोक किलोमीटरचा एखादा आकडा सांगतात. कुणी १००० म्हणतो, कुणी ५०००, कुणी ‘वॉरंटी संपू दे’ म्हणून मोकळा होतो. माझ्या मते आकडा दुय्यम आहे. आपली गाडी धडधाकट असताना कशी चालते हे ज्या दिवशी तुमच्याकडे लिहून ठेवलेलं असेल, त्या दिवशी ती ट्यून करायला तयार झाली. त्याआधी केलेल्या ट्यूनिंगमध्ये काही बिघडलं तर दोष गाडीचा की ट्यूनचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

माझी आधीची टर्बो पेट्रोल गाडी मी ९०० किलोमीटरवरच रीमॅप करून घेतली होती. पहिले पंधरा दिवस नुसती धमाल. मग सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर हलकीशी थरथर जाणवू लागली आणि चढावर दाबली की मधूनच मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं. ट्यूनर म्हणाला, माझी फाइल ठीक आहे, पार्टमध्ये दोष असेल. सर्व्हिस सेंटर म्हणालं, आधी मूळ सॉफ्टवेअर टाकून आणा, मग बघू. दोन महिने मी या दोघांमधला टपालवाला झालो होतो. मूळ फाइल परत टाकली तरी मिसफायर होताच, आणि अखेर तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर सदोष निघाला. तो बहुधा पहिल्या दिवसापासूनच तसा असावा. पण ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, रीमॅपची नोंद राहिलेली होती आणि आधी गाडी बरी होती याचा माझ्याकडे कागदाचा एक तुकडाही नव्हता. इंजेक्टरचे पैसे मी भरले.

पुढच्या गाडीच्या वेळी मी ज्या क्रमाने गेलो, तोच इथे देतोय.

पायरी १: रन-इन पूर्ण होऊ द्या

हल्लीची इंजिनं इतकी अचूक बनतात की रन-इन, म्हणजे नवे भाग घासून एकमेकांशी जुळेपर्यंतचा काळ, लागतच नाही, असं बरेच जण सांगतात. यात अर्धं तथ्य आहे. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या बारीक तिरक्या रेघा असतात. पिस्टन रिंगा त्यांवर घासून आपली जागा पकडतात, तेव्हा कॉम्प्रेशन पूर्ण मिळतं आणि ऑइल जळणं कमी होतं. आता भिंती आधीपेक्षा गुळगुळीत येतात, म्हणून हे काम लवकर उरकतं. पण रन-इन फक्त इंजिनाचं नसतं. गिअरबॉक्सचे दाते, डिफरन्शियल, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सगळ्यांनाच एकमेकांशी जुळायला वेळ लागतो.

किती, ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २००० किलोमीटरला खास रन-इन सर्व्हिस असते आणि तीत इंजिनाबरोबर डिफरन्शियलचंही ऑइल बदलतात. पोर्शेच्या बऱ्याच पुस्तिकांमध्ये हा आकडा ३००० किलोमीटर असतो. गाडी जोरात पळावी म्हणूनच जे बनवतात तेच इतका धीर धरायला सांगत असतील, तर आपण ९०० वर उतावीळ व्हायचं कारण नाही.

या काळात गाडी कुरवाळतही बसू नका. इंजिन गरम झालं की आरपीएम वरखाली करत चालवा, मध्यम जोर लावा, मग पाय काढून इंजिन ब्रेकिंग होऊ द्या. थंड इंजिनावर पूर्ण पेडल नको, तासन्‌तास एकाच वेगाने क्रूझ कंट्रोल नको, उंच गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेटणं तर मुळीच नको.

पुस्तिकेत नसलं तरी पहिलं ऑइल मी थोडं लवकर बदलतो. ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. पहिल्या ऑइलमध्ये लोखंड, तांबं आणि सिलिकॉन जास्तच दिसतं. लोखंड आणि तांबं सुट्या भागांच्या घासण्यातून येतं, सिलिकॉन बरंचसं जोडांना लावलेल्या सीलंटमधून. तो अहवाल पाहून घाबरू नका आणि पुढच्या तुलनेसाठीही धरू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या ऑइलचा अहवाल खरा.

पायरी २: जन्मजात दोष बाहेर पडू द्या

कारखान्यातून येणारा दोष बहुतेक वेळा लवकर डोकं वर काढतो. सैल राहिलेला क्लॅम्प, कच्चा सेन्सर, झिरपणारं सील हे पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये कळून येतं. मॉडेलच नवं असेल तर कंपनी पहिल्या वर्षात ईसीयू आणि गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही एकदोनदा सुधारते. सर्व्हिसला गेलेल्या गाडीत असा अपडेट टाकला की तुमचा रीमॅप पुसला जातो, आणि कधी कधी नव्या आवृत्तीवर ट्यूनरची जुनी फाइल चालतच नाही.

ट्यूनरच्या बाजूनेही हेच. नुकत्याच आलेल्या मॉडेलची फाइल म्हणजे बहुतेक वेळा त्याच इंजिनाच्या जुन्या गाडीवरून बेतलेला अंदाज. प्रयोगाचं जनावर व्हायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून मी निदान एक पूर्ण वर्ष थांबतो. त्यात कडक उन्हाळा आणि थंडी दोन्ही येऊन जातात, आणि टर्बो गाडी या दोन्हींत सारखी चालत नाही.

पायरी ३: नेमकं काय कमी पडतंय ते लिहा

एका वाक्यात लिहा. ‘ताकद हवी’ हे उत्तर नाही. ‘८० वरून १२० ला जाताना ओव्हरटेकला वेळ लागतो’ हे उत्तर आहे. ‘सिग्नलवर गाडी उशिरा उठते’ हेही आहे, पण त्याचा इंजिनाच्या ताकदीशी संबंध असेलच असं नाही. पुष्कळदा कंपनीने पेडलचा प्रतिसाद मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. स्पोर्ट मोडमध्ये तीच गाडी चपळ वाटते ती त्यामुळे. बाजारात मिळणारा पेडल बॉक्सही एवढंच करतो: पाव पेडल दाबलं तर ईसीयूला अर्धं दाबल्याचं सांगतो. ताकद तेवढीच राहते. पण कित्येकांना हवं असतं ते हेच, आणि ते समजलं की रीमॅपचा विषय तिथेच मिटतो.

वळणावर गाडी लोळते, ब्रेक लवकर थकतात, अशी तक्रार असेल तर टायर आणि ब्रेक पॅडपासून सुरुवात करा. मला विचाराल तर ताकद वाढवण्याआधी चांगले टायर हा प्रत्येकाचा पहिला खर्च असायला हवा, पण त्याचा व्हिडिओ टाकता येत नाही ना.

इंजिनाचा प्रकारही इथेच बघून घ्या. टर्बो नसलेल्या इंजिनात फक्त सॉफ्टवेअरने ५ ते १० टक्क्यांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही, कारण आत येणारी हवाच तेवढी असते. टर्बो इंजिनात बूस्ट, म्हणजे टर्बो आत कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवता येतो, म्हणून २० ते ३० टक्के वाढ सहज मिळते. तुमची गाडी पहिल्या प्रकारची असेल तर हा लेख इथेच मिटून टायर बघायला गेलात तरी हरकत नाही.

पायरी ४: स्टॉक (कंपनीतून आली तशीच) गाडीची नोंदवही

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. ओबीडी पोर्टला (ईसीयूशी जोडायच्या सॉकेटला) लावायचं एक चांगलं उपकरण आणि तुमच्या गाडीची भाषा समजणारं ॲप एवढं पुरतं. पूर्ण पेडलचे लॉग (इंजिनाच्या आकड्यांच्या नोंदी) डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवर घ्या, रहदारीच्या रस्त्यावर नको. इंजिन पूर्ण गरम, एकच गिअर, शक्यतो तिसरा, साधारण १८०० आरपीएमपासून रेडलाइनच्या जरा अलीकडेपर्यंत. इंधन नेहमीचंच. तारीख, बाहेरचं तापमान आणि किलोमीटर वहीत लिहा.

काय काय नोंदवायचं? मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट. वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा जोर आवरणारी झडप, किती टक्के काम करतोय; टक्का जितका जास्त तितका टर्बोवर जोर. आत येणाऱ्या हवेचं तापमान. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या फ्युएल रेलचा दाब, मागितलेला आणि मिळालेला. दीर्घकालीन फ्युएल ट्रिम, म्हणजे ठरल्या इंधनात ईसीयू सतत करत असलेली कमी-जास्त. आणि प्रत्येक सिलिंडरमागे ईसीयूने इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) किती अंश मागे घेतलं. हा शेवटचा आकडा म्हणजे इंजिनाची नाडी. मिश्रण ठिणगीच्या इशाऱ्याबाहेर स्वतःहून पेटू लागलं की ब्लॉकवरचा नॉक सेन्सर तो ठोका ऐकतो आणि ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी उशिरा टाकतो. एखाद्या अंशाची माघार इकडेतिकडे दिसणं नेहमीचंच. पण एकच सिलिंडर प्रत्येक वेळी तीन-चार अंश मागे येत असेल, तर कंपनीचं सॉफ्टवेअर असतानाच तो तक्रार करतोय. ट्यून केल्यावर तो ओरडेल.

माझ्याच वहीतलं उदाहरण देतो. दुसऱ्या गाडीचा पहिला लॉग ४२०० किलोमीटरला घेतला. तिसरा गिअर, आरपीएम ३०००, बाहेर ३१ अंश. ईसीयूने मागितलेला बूस्ट वातावरणाच्या वर १.० बार, मिळालेला ०.८२. वेस्टगेट ८८ टक्क्यांवर. सिलिंडरची माघार शून्य, ०.८, ०.८, शून्य. म्हणजे आतली ज्वलनाची बाजू ठणठणीत, पण टर्बो जिवाचं रान करूनही हवा पुरवू शकत नव्हता. गाडी चालवताना काहीही जाणवत नव्हतं, चेक लाइट नव्हता, मायलेज ठीक. बॉनेट उघडून हात फिरवला तेव्हा टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून येणाऱ्या होजच्या क्लॅम्पपाशी तेलाचा पातळसा ओशटपणा लागला. क्लॅम्प अर्धा पीळ सैल होता. वॉरंटीत बदलून मिळाला. नंतरच्या लॉगमध्ये तोच बिंदू: मागितला १.०, मिळाला ०.९९, वेस्टगेट ६१ टक्के.

याच गाडीवर आधीच रीमॅप टाकला असता तर ईसीयूने १.२५ मागितला असता आणि ती गळती भरून काढायला टर्बो ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त फिरला असता. टर्बो मरेपर्यंत मला कळलंही नसतं, आणि मेल्यावर सगळ्यांनी रीमॅपकडे बोट दाखवलं असतं.

असे लॉग निदान तीन घ्या, तीन वेगळ्या हवामानात. फ्युएल ट्रिम उणे-अधिक ५ टक्क्यांच्या आत असेल तर छान. १० च्या पुढे जात असेल तर आधी कारण शोधा. जमलं तर एकदा डायनोवर चढवा, पण दोन डायनोंचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ट्यूननंतरही त्याच डायनोवर जायचं.

पायरी ५: साखळीतली कच्ची कडी

इंजिन सहसा पहिल्यांदा हार मानत नाही, क्लच आणि गिअरबॉक्स मानतात. त्यांना अश्वशक्तीशी देणंघेणं नसतं, टॉर्कशी, म्हणजे फिरवण्याच्या जोराशी, असतं. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), डीक्यू २००, हा २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. सहा गिअरचा वेट क्लच डीक्यू २५० हा ३५० साठी. ज्या गाडीतून कंपनीच २५० च्या आसपास देते तिथे शिल्लक किती, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या गिअरबॉक्सचा नंबर शोधा, त्याची टॉर्कमर्यादा बघा आणि ट्यूनच्या आकड्याशेजारी लिहा. मॅन्युअल असेल तर उंच गिअरमध्ये, मध्यम आरपीएमवर पूर्ण पेडल देऊन बघा: आरपीएम वर उडाला आणि वेग जागीच राहिला तर क्लच आत्ताच घसरतोय.

टॉर्क कुठे वाढवला जातोय हे किती वाढवला याइतकंच महत्त्वाचं आहे. किलोवॅट म्हणजे न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९५४९. या हिशेबाने २००० आरपीएमवर ३२० न्यूटन मीटर रेटले तरी हाती येतात जेमतेम ६७ किलोवॅट. ५५०० वर नुसते २०० दिले तर ११५. पण चालवणाऱ्याला पाठीत धक्का बसतो तो पहिल्या प्रकारात, म्हणून ग्राहकाला खूश करणाऱ्या फाइल्स नेमक्या खालच्या आरपीएमवर टॉर्क ओततात. लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनाला हीच जागा सगळ्यात घातक, कारण कमी आरपीएम आणि भरपूर बूस्ट असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो. साध्या नॉकिंगसारखं टायमिंग मागे घेऊन हे थांबत नाही, आणि एकाच फटक्यात पिस्टनवरची रिंग धरून ठेवणारी पट्टी तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा याच्याशी संबंध आढळला, म्हणून २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी ही ऑइलची मानकं आली. ट्यून करायचं असेल तर डब्यावर एसपी किंवा त्यानंतरचं मानक आहे ना ते बघा, आणि ट्यूनरला सांगा की २५०० च्या खाली टॉर्क वाढवण्यात हात आखडता घ्या. टॉप गिअरमध्ये १५०० वर पेडल आपटायची सवय असेल तर फाइलआधी ती सोडा.

इंधनाचं झटपट: ट्यून ज्या ऑक्टेनसाठी आहे ते तुम्हाला रोज मिळतं का? परदेशी फाइल असेल तर मोजमापही बघा. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ हा आकडा साधारण ९५ रॉनच्या (ऑक्टेन मोजायच्या दुसऱ्या पद्धतीच्या) बरोबरीचा असतो. दोन पद्धतींची गल्लत झाली की फाइल चुकीची निवडली जाते.

डिझेलवाल्यांना वेगळी सूचना एकच. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकायचा सल्ला देणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. ते अनेक देशांत बेकायदा आहे आणि चांगल्या ट्यूनला त्याची गरजही नसते.

पायरी ६: वॉरंटी, विमा आणि खोटं बोलायचा मोह

‘सर्व्हिसला जाताना स्टॉक फाइल टाकू, कुणाला कळतंय?’ कळतं. ईसीयू किती वेळा प्रोग्राम झाला याची मोजणी बऱ्याच गाड्यांत राहते. फोक्सवॅगन समूहात तर बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की त्या गाडीच्या नोंदीला टीडी१ असा शिक्का बसतो, आणि तो समूहाच्या कुठल्याही वर्कशॉपला दिसतो. पिगीबॅक बॉक्स (ईसीयूची फाइल न बदलता बाहेरून जोडायचा ट्यूनिंगचा डबा) काढून नेता येतो हे खरं, पण इंजिन किती बूस्ट आणि किती हवा घेत होतं याच्या खुणा ईसीयूच्या नोंदीत राहू शकतात.

रीमॅप केला म्हणजे एसी किंवा पॉवर विंडोची वॉरंटी जावी असं नाही. जिथे ताण वाढतो तो इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टचा भाग मात्र आपल्या खिशातून दुरुस्त करायची तयारी हवी. मी स्वतःला साधा प्रश्न विचारतो: उद्या गिअरबॉक्स गेला तर तो माझ्या पैशाने, कुणावर न चिडता बदलू शकतो का? उत्तर नाही असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबतो. गाडी लीजवर असेल तर विषयच संपला, ती तुमची नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. लपवला आणि अपघातानंतर निघाला तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

कंपनीचंच ट्यूनिंग मिळतंय का तेही विचारून बघा. व्होल्वो बरीच वर्षं पोलस्टारच्या नावाने असं सॉफ्टवेअर देत होती, वॉरंटी कायम ठेवून. वाढ थोडी कमी मिळते, झोप पूर्ण मिळते.

पायरी ७: ट्यूनरची परीक्षा

गाडी न बघताच ‘इतके हॉर्सपॉवर नक्की’ म्हणणारा नको. तुमचे स्टॉक लॉग त्याच्यासमोर ठेवा आणि तो काय करतो ते पाहा. चांगला माणूस आधी वेस्टगेटचा आणि टायमिंगचा रकाना शोधतो, दोन प्रश्न विचारतो, कधी कधी ‘आधी प्लग बदलून या’ म्हणतो. ‘याची गरज नाही’ म्हणून वही बाजूला सारणाऱ्याला मी गाडी दिली नाही. मूळ फाइल वाचून तिची प्रत तुम्हाला मिळणार का, ट्यूननंतरचे लॉग तो तपासणार का, इंजिनाच्या तापमानाच्या आणि नॉकच्या संरक्षक मर्यादा तो जागच्या जागी ठेवतो का, एवढं विचारा. मर्यादा बंद करून मिळवलेली ताकद उधारीची असते.

फाइल टाकण्याआधी बॅटरीला चार्जर जोडलाय ना, हे स्वतः बघा. लिहिणं चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू मेला म्हणून समजा.

ट्यूननंतरचे पहिले ५०० किलोमीटर

घरी येताना कुणालाही गाडीत बसवून दाखवायला जाऊ नका. पहिल्याच दिवशी त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमपासून, तशाच तापमानाला लॉग घ्या आणि जुन्याशेजारी ठेवा. रेलचा दाब मागणीच्या खाली घसरत असेल, हवेचं तापमान ओळीने दोन-तीन रनमध्ये झपाट्याने चढत असेल, किंवा एखाद्या सिलिंडरची माघार ४ अंशांपुढे गेली असेल, तर पूर्ण पेडल बंद आणि ट्यूनरला फोन. ‘थोडी चालवा, ईसीयू शिकेल’ असं उत्तर आलं तर मूळ फाइल परत टाकायला सांगा.

माझी दुसरी गाडी मी तेराव्या महिन्यात, १४,३०० किलोमीटरला ट्यून केली. ट्यूनरने १.२५ बार सुचवला होता. पहिल्या लॉगमध्ये तिसरा सिलिंडर ३.८ अंश मागे आला, स्टॉकमध्ये जो कधीच ०.८ च्या पुढे गेला नव्हता. वही उघडून दाखवली तेव्हा वाद झालाच नाही. त्याने बूस्ट १.१८ वर आणला आणि माघार १.५ वर आली. वहीच्या त्या पानावर आता तीन रकाने आहेत: स्टॉक, पहिली फाइल, दुसरी फाइल. परवा सर्व्हिसनंतर चौथा आखलाय.